ड्रॉइंग कोर्टात द्यायची आहेत: काळी पट्टी, सीलबंद लिफाफा की कॉन्फिडेन्शियालिटी क्लब?

चाकण-भोसरीतल्या कारखान्याचा व्यापारी वाद शिवाजीनगर कोर्टात आला की मालक पहिल्यांदा हेच विचारतात: "साहेब, आमची ड्रॉइंग समोरच्याला दाखवावीच लागतील का?" ती वादाशी संबंधित असतील तर हो. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदलला. वादीने दाव्यासोबत आणि प्रतिवादीने लेखी कैफियतीसोबत आपल्या ताब्यातले संबंधित कागद द्यायचे, ते आपल्या विरोधात जाणारे असले तरी. २०१८ पासून वादाची किमान रक्कम तीन लाखांवर आली, त्यामुळे लहान पुरवठादारही यात आले. म्हणून ठरवायचं ते एवढंच की कागद कोणाला दाखवायचा.

काळी पट्टी, म्हणजे गोपनीय मजकूर काळ्या रंगाने झाकणं, सगळ्यात स्वस्त. दरपत्रकात वादाशी संबंध नसलेल्या इतर ग्राहकांची नावं असतील तर ती झाका, आणि झाकली आहेत हे फेरिस्तीत (कोर्टात द्यायच्या कागदांच्या यादीत) स्पष्ट लिहा. पण वाद ज्या दराचा आहे तोच झाकलात तर न्यायाधीशांच्या मनात तुमच्याबद्दल शंका बसते. आणि पट्टी नीट मारा. आमच्या एका कामात समोरून आलेल्या पीडीएफवर काळे चौकोन होते. मी त्यावरून माउस ओढला, मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर खरेदीचे दर जसेच्या तसे खाली उमटले. त्यांच्या वकिलांना लगेच फोन केला. तेव्हापासून आम्ही पट्टी मारलेलं पान छापतो आणि त्याचाच स्कॅन देतो. मूळ फाइलला मात्र हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-कोड) द्यावी लागते, आणि बदललेल्या फाइलची हॅश वेगळी येते.

सीलबंद लिफाफा मालकांना फार आवडतो, कारण कागद फक्त न्यायाधीश पाहतात. मी तो सुचवत नाही. जो कागद समोरच्याने पाहिलाच नाही, त्याला तो उत्तर काय देणार? एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कारणासाठी सरकारच्या सीलबंद लिफाफ्यावर कडक टीका केली. एखादं पान झाकणं योग्य आहे का, एवढं कोर्टाला तपासू देण्यापुरता लिफाफा ठीक आहे.

ड्रॉइंग, फॉर्म्युला, कॉस्ट शीट यांसाठी माझं मत कॉन्फिडेन्शियालिटी क्लबकडे आहे, म्हणजे गोपनीय कागद पाहायची परवानगी असलेल्या ठरावीक माणसांच्या गटाकडे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत प्रत्येक बाजूचे जास्तीत जास्त तीन वकील, तेही कंपनीच्या नोकरीतले नसलेले, आणि दोन बाहेरचे तज्ज्ञ अशी रचना आहे. गोपनीय कागद तेवढेच लोक पाहतात. हे नियम पुण्याला लागू नाहीत. इथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली अर्ज करून तसाच आदेश मागावा लागतो. तज्ज्ञाची फी द्यावी लागते, हा तोटा खरा. शिवाय समोरच्या पक्षकाराला पूर्ण बाहेर ठेवण्याचा हट्ट अंगाशी येतो. इंटरडिजिटल विरुद्ध शाओमी या दोन कंपन्यांच्या खटल्यात २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तशी मागणी नाकारली होती. म्हणून क्लब मोजक्या कागदांपुरता मागा, शंभर पानांतल्या सहा-सात पानांसाठी.

करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी लवादाकडून सोडवण्याचं) कलम असेल तर आधी ते वाचा. लवाद कायद्याचं कलम ४२अ कार्यवाही गोपनीय ठेवायला सांगतं.

कोणतीही वाट घ्या, अर्ज फेरिस्तीसोबत त्याच दिवशी द्या. कैफियतीनंतर ३० दिवसांत एकमेकांच्या कागदांची तपासणी होते, आणि कागद उघडा रेकॉर्डवर गेला की समोरचा माणूस नकलेचा अर्ज घेऊन खिडकीवर उभा असतो.