लघवीतील प्रथिने घरी तपासण्याच्या पट्ट्या: सोय आहे, भरवसा बेताचाच

वडिलांना उच्च रक्तदाब असल्याने औषधाच्या दुकानातून या पट्ट्यांची बाटली आणली. पट्टी लघवीत क्षणभर बुडवून ६० सेकंदांनी तिचा रंग बाटलीवरील तक्त्याशी ताडायचा, इतकी पद्धत सोपी आहे; मात्र पिवळ्या आणि फिकट हिरव्या छटांतला फरक ट्यूबलाइटखाली ओळखणे वयस्कर माणसांना जड जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘१+’ ही खूण साधारणपणे डेसिलिटरमागे ३० मिलिग्रॅम प्रथिनांची असते, आणि रक्तदाबामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा त्याआधीच, अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या अत्यल्प गळतीतून, सुरू झालेली असू शकते. शिवाय भरपूर पाणी प्यायल्यास लघवी पातळ होऊन ती गळती लपते, तर ताप किंवा जोराच्या व्यायामानंतर तात्पुरती वाढलेली दिसते. प्रयोगशाळेतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराच्या चाचणीत (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) पातळपणाचा दोष बराचसा टळतो आणि क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपासूनची वाढही कळते. (आमच्या डॉक्टरांनी शेवटी तीच लिहून दिली.) पट्टीचा रंग बदलला नाही, एवढ्यावरून ही चाचणी टाळणे मला धोक्याचे वाटते, त्यामुळे दुसरी बाटली मी घेणार नाही.