स्कॉर्पिओ-एन की एक्सयूव्ही ७००? आधी खाली वाकून बघा

माझा मावसभाऊ दोन महिने या दोन गाड्यांमधे अडकलाय. घर मुलुंडला, ऑफिस बीकेसीत, गाव जव्हारकडे, आणि सगळी चर्चा सनरूफ नि स्क्रीनवर. त्याला म्हटलं अरे ते राहू दे, दोन्ही महिंद्राच्या, दोन्ही चाकणला बनतात, २.० लिटर टर्बो पेट्रोल आणि २.२ लिटर डिझेल ही इंजिनं पण त्याच घराण्यातली, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरसुद्धा दोन्हीचं २७५० मिमी, तरी चालवायला जमीन-अस्मानाचा फरक, कारण सांगाडाच वेगळाय.

स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर आहे. खाली स्टीलच्या दोन लांब पट्ट्या, मधे आडवे दांडे, अगदी शिडीसारखं. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल त्या शिडीला, आणि बॉडी वरून रबरी माउंटवर बसवलेली. इंजिन लांबीच्या दिशेने, ताकद मागच्या चाकांना. एक्सयूव्ही मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नाहीच, पत्रे वेल्ड करून जे कवच होतं तेच सगळा भार घेतं, इंजिन आडवं आणि साध्या व्हर्जनमधे पुढची चाकं गाडी ओढतात.

आता याचा तुम्हाला काय फरक पडतो तर शिडीच्या वर फ्लोअर आलं की गाडीत चढावं लागतं, माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला स्कॉर्पिओत दरवेळी हात द्यावा लागला आणि एक्सयूव्हीत ती आपली आपण बसली. दुसरं, स्कॉर्पिओला मागे सरळ एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याने जोडलेली, एका चाकाला खड्डा लागला की दुसरंही हलतं. महिंद्राने तिथे पाच लिंक आणि वॉट्स लिंकेज, म्हणजे एक्सलला धरून ठेवणारे दांडे दिलेत त्यामुळे एक्सल बाजूला सरकत नाही, हे काम मला मनापासून आवडलं. पण एक्सयूव्हीची मागची चाकं स्वतंत्र आहेत, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत मागे बसलेल्याला ते लगेच कळतं.

आणि शिडीची गाडी म्हणजे आपोआप जास्त सेफ असं समजू नका. ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्टमधे मोठ्यांच्या सुरक्षेला दोघींना ५ स्टार आहेत. धडकेत पुढचा भाग ठरवल्यासारखा चुरगळून झटका किती खातो त्यावर बरंच असतं.

स्कॉर्पिओ जिंकते ती चिखलात. डिझेलच्या फोर बाय फोरमधे, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या व्हर्जनमधे, लो रेंज मिळते, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त देणारा गिअर, चढावर ओल्या लाल मातीत गाडी हळूहळू पण दमदार चढते. एक्सयूव्हीचं ऑल व्हील ड्राइव्ह पावसात निसरड्या रस्त्यावर छान, पण त्याला लो रेंज नाही.

भावाचा पाड्यापर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, पण तो जातो गणपतीला आणि मे महिन्यात, बाकी वर्षभर ईस्टर्न एक्सप्रेसवर ब्रेक-क्लच. त्याला मी एक्सयूव्हीच घ्यायला सांगितली. दर शनिवारी शेतावर जात असता तर स्कॉर्पिओ म्हटलं असतं.

बुकिंगआधी सोसायटीचं पार्किंग टेपने मोजायचं मात्र विसरू नका, एक्सयूव्ही ४६९५ मिमी लांब नि १८९० रुंद, स्कॉर्पिओ-एन ४६६२ लांब पण १९१७ रुंद, आणि आपल्याकडे खांब आडवा येतो तो बाजूनेच.