लष्करी खर्चाच्या निषेधात कर नाकारायचा? नोकरदार आणि व्यावसायिक यांचा वेगवेगळा हिशेब

बडोद्यात हा विषय निघाला की कोणीतरी गुजरातेतल्या बोरसदचा सत्याग्रह काढतंच. १९२३ मध्ये दरोडेखोरांच्या बंदोबस्ताला जादा पोलीस आणून त्यांचा खर्च सरकारने लोकांवर लादला, माणशी दोन रुपये सात आणे. (इकडे गायकवाडी, पण बोरसद ब्रिटिश हद्दीत.) वल्लभभाईंच्या सांगण्यावरून लोकांनी तो भरला नाही, आणि १९२४ च्या सुरुवातीला सरकारने तो मागे घेतला. पण तो कर एकाच कामासाठी होता आणि पैसा अजून लोकांच्या कनवटीला होता. आयकराचं तसं नाही. सगळा एकाच तिजोरीत जातो.

नोकरदाराला तर निवडच नाही. टीडीएस कापूनच पगार हातात येतो, नाकारायचं काय? २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर आयकर शून्यच. तरी साबणावर जीएसटी आणि पेट्रोलवर अबकारी कर आहेच.

खरा प्रश्न दवाखाना किंवा सल्लागारी चालवणाऱ्याचा. अ‍ॅडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा, म्हणजे न भरणं त्याच्या हातात. इथे एक पथ्य पाळायलाच हवं: रिटर्नमध्ये उत्पन्न पूर्ण दाखवायचं. लपवलं की निषेध कसला, ती चोरी. उघडपणे थकवलं तरी महिन्याला एक टक्का व्याज लागतं, दंड थकलेल्या कराइतका होऊ शकतो, पुढे बँक खातं जप्त होतं आणि जाणूनबुजून टाळल्याचा खटलाही भरता येतो. शेवटी वसुली होतेच आणि त्याच तिजोरीत व्याजासकट जाते.

आता फक्त लष्कराचा वाटा रोखायचा म्हणाल, तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. साठ हजार कर असेल तर आठ हजार. त्या ६.८१ मधले १.६ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. ईएमई स्कूल या इथल्या लष्करी प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या सुभेदारांचंही त्यातच. ते रोखायचं का, हे आधी ठरवा. अमेरिकेत गायिका जोन बाएझने १९६४ मध्ये साठ टक्के कर रोखला होता, पण तिच्या नावाला बातमी होती. तुमच्या-माझ्या नावाला फक्त नोटीस येते.

तिसरी वाट म्हणजे कर भरून खासदाराला आणि अर्थमंत्र्यांना आकड्यांसह लेखी निषेध पाठवणं, आणि तेवढीच रक्कम शाळेला किंवा दवाखान्याला देणं. देणगीवरची ८०जी ची करसवलत मात्र जुन्या करपद्धतीतच मिळते. मला नोकरदारासाठी हीच बरी वाटते. व्यावसायिकाला जप्ती सोसायची तयारी असेल तर आठ हजार उघडपणे थकवून बघावं, पण बँक खातं बायकोसोबत जोडखातं असेल तर आधी तिला विचारा. जप्ती त्या खात्यावरही येते.