ऑस्ट्रेलियातल्या हत्याकांडांचा ऑनलाइन नकाशा: क्लासमध्ये वापरून बघितला, जरूर बघा

बडोद्यात दांडिया बाजारात माझा इतिहासाचा क्लास आहे, मराठी-गुजराती दोन्ही पोरं येतात, आणि या वर्षी वसाहतवाद शिकवताना मी त्यांना गोऱ्या वसाहतीच्या काळात तिथल्या आदिवासींची हत्याकांडं कुठे झाली ते दाखवणारा न्यूकॅसल विद्यापीठाचा हा नकाशा टीव्हीवर लावून दाखवला. म्हणजे इंग्लंडचं नाही, ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल. इतिहासकार लिंडल रायन आणि त्यांच्या टीमनं २०१७ मध्ये तो लोकांसाठी खुला केला, पैसे लागत नाहीत.

एकेका ठिपक्यावर क्लिक केलं की तारीख, जागा, मेलेले लोक कुठल्या भाषेचे होते, मारणारे कोण, हत्यार काय, कागद कुठले, सगळं उघडतं. काळ १७८८ ते १९३०, चारशेच्या वर घटना, मारले गेलेले आदिवासी दहा हजारांहून जास्त. सहा किंवा जास्त माणसं एकाच हल्ल्यात मारली असतील तरच नोंद होते. सहाच का, असं एका मुलीनं विचारलं, तर त्याचं कारणही साइटवर दिलेलं आहे, साधारण वीस माणसं एका चुलीवर जगायची, त्यातली सहा गेली की उरलेल्यांचं जगणंच धोक्यात यायचं. क्लासमध्ये एकदम शांतता.

सुरुवात मायल क्रीक या ठिकाणच्या ठिपक्यापासून करा. १० जून १८३८, अठ्ठावीस आदिवासी, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, त्यांना दोरानं बांधून नेलं, मारलं आणि नंतर प्रेतं जाळली. यात गोऱ्यांवर खटला चालला, अकरा जण आधी निर्दोष सुटले, मग दुसऱ्यांदा खटला होऊन सात जणांना फाशी झाली, पण त्यांचा म्होरक्या जमीनदार जॉन फ्लेमिंग कधी सापडलाच नाही. पोरांना वाटलं चला न्याय झाला, तेव्हा मी बाकीचे ठिपके उघडायला लावले, कारण अशी शिक्षा जवळजवळ कुठेच झाली नाही, आणि त्या काळी आदिवासींची साक्षच कोर्ट धरत नव्हतं, ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून. १९२८ चं कॉनिस्टन इथलं हत्याकांड तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं, सरकारी आकडा एकतीस, आणि चौकशीत पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी मारलं असं ठरवून मोकळे झाले.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे प्रत्येक घटनेचा पुरावा किती पक्का आहे ते स्टार देऊन सांगितलंय, कच्चा असेल तर कच्चा. आणि जागा मुद्दाम अंदाजे दाखवल्यात, कोणी जाऊन नासधूस करू नये म्हणून आणि तिथल्या समाजाच्या शोकाचा मान म्हणून. हे मला फार मोठं वाटलं.

कमी काय, तर सगळं इंग्रजीत आहे, मला ओळीओळीला थांबून सांगावं लागलं, आठवीच्या खालच्या मुलांना दाखवू नका, विष घालून मारल्याच्याही नोंदी आहेत. पाच जण मारले असतील तर ते नकाशावर येत नाहीत. आणि मारणाऱ्यांची नावं खूपदा मिळतात, मेलेल्यांची क्वचितच, त्यात दोष नकाशाचा नाही, कागद लिहिणाऱ्यांचा आहे.

आता आपलं. मानगढ बडोद्याहून गाडीनं काही तासांवर, १७ नोव्हेंबर १९१३ ला तिथे समाजसुधारक गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर गोळीबार झाला, वेठबिगारीला नाही म्हणणारी माणसं होती ती. लोक मृतांचा आकडा १५०० सांगतात, इंग्रजांच्या कागदात त्याहून बराच कमी. माझ्या क्लासमधल्या बहुतेक पोरांनी हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं आणि मला त्याचा राग येतो, मायल क्रीकची तारीख त्यांना आता पाठ आहे. पंचमहाल, साबरकांठा, बांसवाडा इथल्या अशा घटनांचा, कागद आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी दोन्ही शेजारी ठेवून, किती खात्री आहे ते उघड सांगणारा नकाशा गुजराती-मराठीत व्हायलाच हवा. कोणी असं काम करत असेल तर इथे लिहा, टायपिंग आणि भाषांतराला आमची अकरावी-बारावीची पोरं तयार आहेत, मी स्वतः विचारून घेतलंय.