पोळपाट, तवा आणि कंबर: एका फिजिओथेरपी केंद्राचे परीक्षण

पुण्यात कोथरूडच्या परिसरातील एका फिजिओथेरपी केंद्रात मी जून ते ऑगस्ट या काळात सहा वेळा गेले. जागा लहानच आहे, दोन खाटा आणि एक मोठा आरसा एवढेच सामान आहे. येथे दुखऱ्या जागेवर शेक देण्याआधी माणूस कसा उभा राहतो, कसा वाकतो, कसा वळतो हे बारकाईने पाहिले जाते आणि त्यावरून उपचार ठरतात. हे परीक्षण त्या पद्धतीचे असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही.

माझे वय ५४. दोन वर्षे कंबरेच्या उजव्या बाजूला दुखत होते. सकाळचा स्वयंपाक उरकेपर्यंत ठणका सुरू होई आणि अधूनमधून अशी चमक निघे, की ओट्याला धरून उभे राहावे लागे. एमआरआयच्या अहवालात खालच्या मणक्यांमधील गाद्या झिजल्याचे लिहिले होते, तेव्हापासून घरात मला कोणी साधी बादलीसुद्धा उचलू देईना. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मी सलग दहा दिवस शेक आणि विजेच्या यंत्राचे उपचार घेतले. तेथील माणसे प्रेमळ होती, पण दहा दिवसांत 'जरा वाकून दाखवा' असे मला एकदाही कोणी म्हटले नाही. घरी येईपर्यंत बरे वाटे आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना दुखणे पुन्हा हजर होई.

या केंद्रातील पहिली भेट सव्वा तासाची होती. सुरुवातीला ताप, घटलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, लघवी-शौचावरील ताबा, पायांतील बधिरपणा यांविषयी तेथील फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एकेक प्रश्न विचारला आणि छोट्या हातोडीने गुडघ्याजवळ व घोट्याजवळ ठोकून पाहिले. हे मला फार मोलाचे वाटले, कारण दुखण्यामागे एखादा गंभीर आजार नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढची तपासणी करणे धोक्याचे असते. एमआरआय त्यांनी नीट पाहिला आणि सांगितले, की काहीही न दुखणाऱ्या माणसांचे अहवाल एकत्र करून २०१५ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३७ टक्के, तर पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या होत्या. त्या एका वाक्याने माझी दोन वर्षांची भीती बरीच ओसरली.

मग खरी तपासणी सुरू झाली. पुढे वाकणे, पुन्हा सरळ होणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणे, रांगण्याच्या स्थितीत मागे टाचांकडे जाणे, असे सगळे त्यांनी करून घेतले आणि प्रत्येक वेळी दुखणे वाढले, कमी झाले की तसेच राहिले, हे विचारून लिहून घेतले. पालथे झोपवून त्यांनी माझा उजवा गुडघा मागे दुमडायला लावला, तेव्हा कंबरेत नेहमीची कळ आली. गुडघा दुमडताच माझी कंबर खाली दबत होती आणि एका बाजूला वळत होती, हे मला ठाऊकच नव्हते. मॅडमनी तळहाताने कंबर स्थिर धरली आणि तोच गुडघा पुन्हा दुमडायला सांगितला. कळ आली नाही. मी तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा आली नाही. एवढ्या जुन्या दुखण्याला असा हात लावता येतो, हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले.

यानंतर त्यांनी विचारले, "दिवसात सर्वांत जास्त वेळा कोणत्या बाजूला वळता?" मला उत्तर सुचेना. त्यांनी टेबलालाच ओटा मानून पोळ्या लाटून दाखवायला सांगितले. माझा पोळपाट डावीकडे आणि शेगडी उजवीकडे हातभर अंतरावर असते. दोन्ही पाय जमिनीला खिळलेले ठेवून मी प्रत्येक पोळीला फक्त कंबरेतून उजवीकडे वळत होते. रोजच्या वीस पोळ्या धरल्या, तर टाकणे, उलटणे आणि काढणे मिळून साठ वेळा.

या पद्धतीचा पाया अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील फिजिओथेरपिस्ट शर्ली सारमन यांनी घातला. त्यांचे म्हणणे असे, की शरीर सर्वांत कमी अडथळ्याच्या वाटेने हलते. माझा खुबा पुरेसा वळत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचे वळणे कंबर करते आणि तेच पुन्हा पुन्हा झाल्याने दुखावते. त्यामुळे निदानाला नाव झिजलेल्या गादीवरून न देता दुखवणाऱ्या हालचालीच्या दिशेवरून दिले जाते.

ही पद्धत सर्वांत श्रेष्ठ असल्याचे मात्र मी म्हणणार नाही. त्याच विद्यापीठाच्या २०१६ च्या चाचणीत दुखवणाऱ्या हालचालीच्या अशा वर्गवारीनुसार दिलेल्या उपचारांचा इतर उपचारांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे दीडशे रुग्णांपैकी ज्यांना रोजची कामे नीट करण्याचा सराव दिला, त्यांची कामे करण्याची क्षमता ताकदीचे व ताणाचे व्यायाम केलेल्यांपेक्षा अधिक सुधारली. माझाही अनुभव याच्याशी जुळतो. मला दिलेले व्यायाम तीनच होते, परंतु पोळपाट शेगडीजवळ सरकवणे आणि वळताना पावले उचलणे याने जे साधले, ते कशानेही साधले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात चमक थांबली. ठणका पाहुण्यांच्या दिवशी अजून येतो.

एक तक्रार नोंदवायलाच हवी. चौथ्या भेटीला मॅडम नव्हत्या आणि त्यांच्या सहायिकेने मोबाइलकडे पाहत माझे व्यायाम नुसते मोजले. दोन व्यायाम मी चुकीचे करत होते, हे पाचव्या भेटीत उघड झाले. ज्या उपचाराचा सगळा जीव पाहण्यात आहे, तेथे पाहणेच राहून गेले, तर त्या भेटीचे सातशे रुपये कशाचे द्यायचे? हे मी मॅडमना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ती भेट पुन्हा विनामूल्य दिली. शिवाय तपासणीचा अहवाल इंग्रजीत आहे, माझ्या सासूबाईंसारख्यांना तो वाचता येणार नाही. तो मराठीत हवा.

पहिल्या भेटीचे शुल्क बाराशे रुपये आहे. संध्याकाळी गर्दी असते, म्हणून सकाळची वेळ घ्यावी, गुडघे व पाठ दिसतील असे सैल कपडे न्यावेत आणि शक्य असल्यास घरातले जे काम करताना दुखते, त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत ठेवावा.