टूसॉनच्या जीवाश्म बाजारातलं एक दुकान: हाडं खरी, चिठ्ठ्या तपासून घ्या

हाडं खरी आहेत, हे आधी सांगते. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला दर वर्षी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खडक, खनिजं आणि जीवाश्मांचा मोठा बाजार भरतो. शहरभर तंबू असतात, शिवाय मोटेलच्या खोल्यांतले पलंग हलवून तिथेही दुकानं मांडतात. अशाच एका खोलीतल्या दुकानाबद्दल लिहितेय. टेबलांवर मोंटानाच्या हेल क्रीक थरांतले हाडांचे तुकडे ट्रे भरभरून ठेवले होते. वाळू आणि गोंद लावून जुळवलेला माल मला तिथे दिसला नाही. तक्रार आहे ती मालावर नाव-किंमत लिहून लावलेल्या चिठ्ठ्यांबद्दल, आणि ती याच दुकानापुरती नसल्यामुळे नाव लिहीत नाही.

सोबत भाचा होता. त्याला टी. रेक्सचं, म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स या प्रचंड मांसाहारी डायनोसॉरचं, हाड हवं होतं, आणि पहिल्याच ट्रेमध्ये ते मिळालंही: ‘टी. रेक्स, बरगडी’, १८० डॉलर. बोटाएवढा लांब, काळपट तपकिरी, किंचित बाकदार तुकडा. शेजारच्या ट्रेमध्ये त्याच रंगाचा, जवळपास त्याच आकाराचा दुसरा तुकडा होता. त्यावर लिहिलं होतं ‘डायनोसॉर, कोणता ते अनिश्चित’, १२ डॉलर.

मी दोन्ही खिडकीशी नेले, तुटलेल्या कडांना पाण्याचं बोट लावलं आणि दहापट भिंगातून पाहिलं. ओली कड स्पष्ट दिसते. बाहेरच्या बाजूला घट्ट हाड, त्यात रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रं, आणि आत जाळीदार भाग. म्हणजे दगड नाही, हाडच आहे, एवढं नक्की झालं. पण कुणाचं? हेल क्रीकचे थर साधारण ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे ट्रायसेराटॉप्स आणि एडमॉन्टोसॉरस हे शाकाहारी डायनोसॉर भरपूर सापडतात, आणि बरगड्या त्यांनाही होत्याच. बरगडीचं मणक्याला जोडणारं टोक शाबूत असेल तर काही बोलता येतं. मधलाच तुकडा हातात असेल तर प्राण्याचं नाव सांगणं म्हणजे अंदाज.

‘आतून पोकळ म्हणजे मांसाहारी’ हा नियम बाजारात सर्रास ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. मांसाहारी डायनोसॉरांच्या हातापायांची लांब हाडं पातळ भिंतीच्या नळीसारखी असतात. पण त्यातून फार तर गट कळतो, प्राणी कळत नाही. आणि मोरोक्कोच्या केम केम थरांत हा नियम उलटाच पडतो, कारण तिथला स्पायनोसॉरस हा डायनोसॉर मांसाहारी असूनही त्याच्या मांडीचं हाड जवळजवळ भरीव आहे. इथे तर प्रश्न बरगडीचा होता, त्यामुळे हा पुरावा लागूच नव्हता.

मी विक्रेत्याला विचारलं, टी. रेक्स कशावरून? साठीतला, शांत माणूस. म्हणाला, “ज्या रँचवरून, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावरून, हा माल आला, तिथे टी. रेक्स निघाला होता. हा त्याच्याच जवळचा.” हा युक्तिवाद चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो नीट तपासायला हवा. सांगाड्याला लागून सापडलेल्या तुकड्याला त्या प्राण्याचं नाव देणं रास्त आहे. फक्त तशी नोंद हवी: उत्खननाचा नकाशा, जागेवरचा फोटो, निदान तुकड्यावर घातलेला क्रमांक. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. १६८ डॉलरचा फरक निव्वळ त्याच्या शब्दावर उभा होता. भाच्याने तुकडा परत ठेवला.

दुसरा ट्रे ‘डायनोसॉर कवच’चा. सपाट, बिस्किटाच्या जाडीचे तुकडे, वरच्या बाजूला एकाला एक लागून खळगे. हे मऊ पाठीच्या कासवाचं कवच. कड पाहिली की खात्री पटते: वर-खाली घट्ट थर आणि मध्ये जाळी. तिसऱ्यात ‘पिल्लू मांसाहारी डायनोसॉर, मणका’. दोन्ही टोकं सपाटशी, आणि वरच्या बाजूला, जिथून मज्जारज्जू जातो तिथे, मध्ये चिमटलेली डमरूसारखी खूण. ही खूण चॅम्पसोसॉरसची. सुसरीसारख्या लांब तोंडाचा हा पाण्यातला प्राणी डायनोसॉर नव्हताच, आणि डायनोसॉर संपले त्या घटनेतून तो वाचलाही. मला विचाराल तर ही गोष्ट कुठल्याही पिल्लू मांसाहाऱ्यापेक्षा सुरस आहे, पण चॅम्पसोसॉरसच्या नावाने गिऱ्हाईक थांबत नाही.

इथे त्या माणसाचं कौतुक करायला हवं. त्याने वाद घातला नाही. माझं भिंग मागून घेतलं, मणका उलटसुलट पाहिला, जुनी चिठ्ठी काढून नवी लिहिली आणि किंमतही उतरवली. कासवाचंही तसंच केलं. टी. रेक्सची चिठ्ठी मात्र होती तशीच राहिली.

आणखी एक जमेची बाजू: प्रत्येक ट्रेवर काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आणि ‘खासगी रँच’ असं लिहिलं होतं. २००९च्या कायद्यानुसार अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत. त्यामुळे माल कुठून आला हे न सांगणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

कुणाला वाटेल, तुकड्याच्या नावावरून एवढी चिकाटी कशाला? मी नागपूरला भूविज्ञान शिकले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत सरांनी आम्हाला हाडांचे तुकडे आणि अश्मीभूत विष्ठा दाखवली होती, आणि वहीत लिहायला सांगितलं होतं ‘सरीसृप, हाड’, बस्स. त्या वेळी राग आला होता. पण जबलपूरला स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८२८मध्ये डायनोसॉरची हाडं सापडली, १८७७मध्ये लायडेकर या जीवाश्म-अभ्यासकाने शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं, आणि २००३मध्ये अभ्यासकांनी ते नाव बाद ठरवलं, कारण ज्या लक्षणांवर ते बेतलं होतं ती इतर अनेक प्राण्यांतही सापडली. याउलट चंद्रपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावचा आयसीसॉरस हा डायनोसॉर वेगळा प्राणी म्हणून टिकला, कारण त्याच्या सांगाड्याचा बराच भाग एकत्र मिळाला होता. लायडेकरसारख्या जाणत्याने मणक्यांवरून दिलेलं नाव टिकलं नाही, मग बोटभर बरगडीवर टी. रेक्स कसं लिहायचं?

या दुकानात जायचं असेल तर जरूर जा. दात घ्या, दातांची ओळख बरीच भरवशाची असते. टी. रेक्सचा दात जाड आणि कडेला करवतीसारखा असतो. कासव, मगर यांचे तुकडे स्वस्त आहेत आणि पृष्ठभागावरून ओळखता येतात. तुकड्यावर मोठं नाव आणि मोठी किंमत असेल तर ‘कोणत्या लक्षणावरून?’ एवढंच विचारा आणि ते लक्षण बोट ठेवून दाखवायला सांगा. सकाळी लवकर गेलात तर खिडकीपाशी उजेड चांगला असतो आणि विक्रेत्यालाही बोलायला सवड असते. भिंग आपलं आपण न्या.

आम्ही १२ डॉलरचा अनिश्चित तुकडा घेतला आणि नव्या चिठ्ठीसकट तो मणकाही. भाच्याने तिथेच चिठ्ठीच्या मागे काउंटी, थराचं नाव आणि तारीख उतरवून घेतली. पुढच्या खोलीत जळगावकडची ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट ही खनिजं मांडून एक मराठी दादा बसले होते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर खाणीच्या गावाचं नावसुद्धा होतं.