सिंगापूर ते न्यूयॉर्क नॉनस्टॉप: घ्यावी का नाही?

आधी आकडे, कारण सगळे तेच विचारतात. सिंगापूर ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ सरळ अंतर साधारण १५,३०० किमी आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या नॉनस्टॉपला तिकिटावर साडेअठरा तासांच्या आसपास वेळ. आता १५,३०० ला ९०० च्या स्पीडने भागलं तर १७ तास येतात, मग वरचा दीड तास गेला कुठे? तर ते सरळ अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं, पार उत्तर ध्रुवाजवळून जाणारं, आणि विमान तसं जातच नाही, जाताना बरेचदा जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून नेतात कारण तिकडे वारा मागून ढकलतो, किलोमीटर वाढले तरी परवडतं. शिवाय टेकऑफ लँडिंगचा वेळ वेगळा. त्यामुळे अंतर मोजणाऱ्या साइटवरचे तास बघून कुणाला एअरपोर्टवर घ्यायला बोलावू नका.

विमान एअरबसचं ए३५०-९०० यूएलआर, म्हणजे ए३५०-९०० चाच खास लांब पल्ल्याचा प्रकार. टाकीत १,६५,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे साध्या ए३५०-९०० पेक्षा २४,००० लिटर जास्त, आणि एवढं वजन उचलायचं म्हणून माणसंच कमी घेतात, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी, बस. साधी इकॉनॉमी नाहीच!! खिशाला चाट बसते ती इथेच.

मी प्रीमियम इकॉनॉमीने गेले. पाय पसरायला ३८ इंच, ठीकच म्हणायचं, झोप लागते पण पाठ आडवी होत नाही ती नाहीच. सीट २-४-२ अशा, फक्त मागच्या तीन रांगांत दोन्ही कडांना एकेकच सीट आहे, शेजारी कोणी नाही, ती मिळत असेल तर लगेच घ्या. इंडियन व्हेज जेवण हवं असेल तर निदान २४ तास आधी सांगून ठेवा.

घड्याळाची गंमत वेगळीच. त्यांच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क बरोबर १२ तास मागे असतं, म्हणजे दुपारी निघालात तर त्याच दिवशी संध्याकाळी पोचता, तारीख तीच, आणि अंगातून मात्र अख्खी रात्र गेलेली असते. पहिले दोनतीन दिवस कामाचं काही ठेवू नका.

घ्यावी का? सिंगापूरला राहणाऱ्यांनी, ऑफिस पैसे देत असेल तर बिनधास्त. स्वतःच्या खिशातून जायचं असेल तर सिंगापूर एअरलाइन्सचीच फ्रँकफर्टमार्गे फ्लाइट बघा, चारपाच तास जास्त लागतात पण साधी इकॉनॉमी मिळते आणि मधे पाय मोकळे होतात, आईबाबांना तर मी तीच सांगेन. आणि मुंबईहून कोणी ह्या फ्लाइटसाठी सिंगापूरला यायचा विचार करत असेल तर कृपया नको, मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतरच साडेबारा हजार किमी आहे, तुम्ही उलट्या दिशेला ३,९०० किमी येऊन मग परत १५,३०० जाणार.